करकोचा समुद्रात का पडला

मशीनवाल्या वहिनी दिवसभर नेमकं काय करतात, हे इमारतीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांत कमी ठाऊक होतं ते त्यांच्या सासूबाईंना. पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "माझी सून बिघडलेलं दुरुस्त करते," असं त्या जिन्यात भेटेल त्याला ठणकावून सांगत. त्याचा परिणाम असा की वहिनींच्या दाराशी कायम कुणी ना कुणी इस्त्री, मिक्सर, नाहीतर टीव्हीचा रिमोट घेऊन उभं असे. एकदा भिडेखातर वहिनींनी वरच्या मजल्यावरच्या बाईंचा केस वाळवायचा ड्रायर उघडला. तो परत बंद केला तेव्हा दोन स्क्रू हातात उरले. त्या बाई नंतर बरेच दिवस जिन्यात ओल्या केसांनी भेटत आणि वहिनींकडे न बघता पुढे जात.

दुरुस्त करते हे खोटं नव्हतं. फक्त वहिनी प्रोग्राम दुरुस्त करत, तेही शास्त्रज्ञांनी लिहिलेले. कुणी बर्फाची जाडी मोजतं, कुणी ताऱ्यांचा उजेड, कुणी भूकंपाचे हादरे. ही सगळी हुशार मंडळी आपापल्या कामापुरता प्रोग्राम लिहितात आणि तो त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर झकास चालतो. पण प्रोसेसर काही एकाच जातीचे नसतात. फोनमधला निराळा, लॅपटॉपमधला निराळा, बँकांच्या तळघरांत घरघरणारा तर तिसऱ्याच तऱ्हेचा. एकाला जे सरळ वाटतं ते दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. वहिनी ज्या संस्थेत नोकरीला होत्या, ती संस्था हे प्रोग्राम गोळा करून सगळ्या जातींच्या प्रोसेसरवर बांधायची, म्हणजे ज्याला त्याला समजेल अशा रूपात तयार करायची, त्यांच्या चाचण्या घ्यायची आणि मग जगाला फुकट वाटायची. रोज सकाळी वहिनींच्या पडद्यावर एक लांबलचक तक्ता उघडे. जिथे सगळं जमलं तिथे हिरवी खूण, जिथे बांधणी कोसळली किंवा चाचणी नापास झाली तिथे लाल. हिरव्याशी वहिनींचा संबंध नव्हता. लाल दिसलं की त्या पदर खोचत.

हे काम त्या घरूनच करत, आणि त्याला कारण होता रेडा. रेडा म्हणजे एका बँकेनं मोडीत काढलेला, उभ्या कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर. त्याच्या जातीचा प्रोसेसर आता फारसा कुठे उरला नव्हता, आणि संस्थेच्या नव्या इमारतीत त्याला जागा नव्हती. तेव्हा वहिनींनी तो घरी आणवला आणि धुण्याच्या खोलीत उभा केला. सुरू झाला की तो असा हंबरायचा की खालच्या मजल्यावर कपबश्या थरथरत. "रेडा उठला," असं इमारतीतले लोक म्हणत आणि खिडक्या लावून घेत. त्याच्या पाठीमागून सदोदित गरम वारा येई. सासूबाईंना त्याचं बाकी काही पटलं नाही, पण तो वारा पटला. त्यांनी तिथे दोरी बांधली आणि सगळ्या घराचे मोजे त्यावर वाळू लागले.

वहिनींच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस शांत. संसारात त्यांचं एकच मागणं असे, की जेवताना रेडा बंद असावा. वहिनी "हो, हो, एवढी एक चाचणी संपू दे" म्हणत, आणि चष्मेवाले हातवारे करून मीठ मागत.

तर एका सकाळी तक्त्यात लाल खूण उमटली. प्रोग्राम होता करकोच्यांचा, आणि रेड्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदाच बांधला होता. करकोचे थंडीत हजारो मैल उडून जातात आणि वसंतात परततात, त्यांच्या पायाला छोटं यंत्र बांधलेलं असतं, आणि ते अधूनमधून आपला ठावठिकाणा कळवतं. यंत्र स्वस्तातलं, त्यामुळे ठावठिकाणा कधी इकडे, कधी तिकडे. हा प्रोग्राम त्या सगळ्या ठिपक्यांतून सरासरी काढून पक्ष्याचा खरा मार्ग काढायचा आणि शेवटचा मुक्काम सांगायचा. पक्षी एकदा मुक्कामी पोहोचला की यंत्र आपोआप झोपी जायचं, म्हणून त्या शेवटच्या मुक्कामाला फार महत्त्व. बाकी सगळ्या प्रोसेसरांवर चाचणीतला करकोचा एका सुंदर तळ्याकाठी उतरत होता. रेड्यावर मात्र तो थेट भर समुद्रात पडत होता.

वहिनी खूश झाल्या. वर्षानुवर्षं लाल खुणांशी झटून त्यांचा एक लाडका संशय तयार झाला होता. रेड्याच्या जातीचे प्रोसेसर आकड्याचे तुकडे बाकीच्यांच्या बरोबर उलट क्रमानं साठवतात. एकानं उजवीकडून मांडलं तर दुसरा डावीकडून वाचणार, मग घोळ व्हायचाच. "उलटा क्रम!" त्या मोजे वाळवणाऱ्या सासूबाईंना म्हणाल्या. "दुसरं काही असूच शकत नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "पण हा एक मोजा कुणाचा? याला जोडीच नाही."

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना वहिनींनी फोन केला. ते पक्षीवाले सर. उभी हयात करकोच्यांच्या मागे घालवलेले, आवाजानं मोठे आणि स्वभावानं तापट.

"सर, तुमचा करकोचा आमच्याकडे समुद्रात पडतोय."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"रेड्या... म्हणजे आमच्या जुन्या मशीनवर."

"मग मशीन फेकून द्या! माझ्याकडे तो व्यवस्थित तळ्यावर उतरतो."

"तुमच्याकडे उतरतो हो. प्रश्न आमच्याकडचा आहे."

"बाई, जगात माझा प्रोग्राम त्या मशीनवर कोण चालवतं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मग काय? लाल आहे ना!" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं हे उत्तर पुरेसं होतं. सरांच्या दृष्टीनं नव्हतं. त्यांनी फोन आपटला.

त्याच आठवड्यात संस्थेची ऑनलाइन बैठक होती. ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे छाटणीवाले म्हणत, कारण त्यांना काहीही वाढवण्यापेक्षा काहीतरी कापण्यात जास्त रस होता. बैठकीत ते नेहमी काहीतरी खात असत आणि माइक बंद करायला विसरत.

"मॅडम," ते कुरकुरीत काहीतरी चावत म्हणाले, "ती तुमची जुनी जात आता आपण सोडून देऊ या का? एका करकोच्यापायी सगळ्या प्रोग्रामांची नवी आवृत्ती अडून राहिलीय."

"करकोचा तिथे पडतोय म्हणजे कुठेतरी खड्डा आहे," वहिनी म्हणाल्या. "बाकीचे त्यावरून उडी मारून जातायत, एवढंच."

"सिद्ध करा. येत्या बैठकीपर्यंत. नाहीतर रेडा कापायचा." मग स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यासारखे ते गडबडले. "म्हणजे, यादीतून."

त्यानंतर वहिनींनी कमरच कसली. जिथे जिथे आकडा वाचला जातो तिथे तिथे त्यांनी क्रम उलटून पाहिला. करकोचा समुद्रातच. दोनदा उलटून पाहिला, म्हणजे तो पुन्हा सुलटा झाला, हे त्यांच्या दुपारी लक्षात आलं. फाइल वाचायची रीत बदलली, करकोचा समुद्रातच. एकदा तर त्यांनी इतकी उलटापालट केली की पक्षी उत्तर ध्रुवाच्या पलीकडे, नकाशातच नसलेल्या जागी निघून गेला. जेवताना त्यांचं लक्ष नसे. चष्मेवाल्यांनी आमटी वाढून घेतली तर त्या तोंडातल्या तोंडात "आधी मोठा तुकडा की आधी छोटा" असं पुटपुटत, आणि चष्मेवाले बिचारे भाकरीचा तुकडा लहान करून खात.

"अगं, तुझा संशय चुकीचा असू शकतो ना?" त्यांनी एकदा भीत भीत विचारलं.

"अहो, तुम्ही चष्मे बघा."

चष्मेवाल्यांनी चष्मे बघितले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वहिनींना न सांगता त्यांनी पक्षीवाल्या सरांना फोन लावला आणि आपल्या हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एकदा घरी येऊन जाता का? तुमच्या पक्ष्यापायी आमच्या घरात आठवडाभर कुणी धड बोललेलं नाही." सरांना भांडायला समोर माणूस हवाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते हजर.

दार सासूबाईंनी उघडलं. सरांच्या गळ्यात दुर्बीण, हातात नकाशांची गुंडाळी आणि चेहऱ्यावर जाळ. सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पक्षीवाले का? या. आधी चहा घ्या, मग भांडा." तापलेल्या माणसाला चहा देऊन वर बिस्किटं खायला लावली की त्याच्या रागाचं मातेरं होतं. सर धुण्याच्या खोलीत पोहोचेपर्यंत त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता आणि बोलायचं ठरवलेलं पहिलं वाक्य ते विसरले होते.

खोलीत बसायला एकच पाट होता. त्यावर सर बसले, वहिनी उलट्या बादलीवर बसल्या, आणि दोघांच्या डोक्यावर मोजे लोंबत होते. रेडा हंबरत होता, त्यामुळे दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं. भांडणाला ते सोयीचंच होतं.

"दाखवा, कुठे पडतोय माझा पक्षी!"

वहिनींनी चाचणी चालवली. पडद्यावर दोन आकडे आले. सरांनी नकाशा रेड्याच्या अंगावर पसरला, बोट फिरवलं आणि एका जागी टेकवलं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढून नकाशावर एक रेघ ओढली, तळ्यापासून खाली, जिथे अक्षांशही शून्य आणि रेखांशही शून्य येतो त्या समुद्रातल्या जागेपर्यंत.

"बाई, हा कुठेही पडलेला नाही. हा बरोबर या रेघेवर पडलाय. शून्याकडे ओढला गेलाय. चार थेंब दुधात एक थेंब पाणी टाकावं तसं कुणीतरी यात शून्य मिसळलंय."

"उलट्या क्रमानं..."

"उलट्या क्रमानं अशी सरळ रेघ येईल का?"

उलट्या क्रमानं आकडे वेडेवाकडे यायला हवेत, कधी ध्रुवावर, कधी नकाशाबाहेर. ते वहिनींनी स्वतःच तर बघितलं होतं. आठवडाभर त्या ज्या दाराला धडका देत होत्या ते दारच नव्हतं, नुसती भिंत होती. त्यांना भयंकर राग आला. सरांचा नाही आणि रेड्याचाही नाही. म्हणून तो त्यांनी बादलीवर काढला, ती लाथेनं बाजूला केली आणि उभ्यानंच प्रोग्राम वाचायला लागल्या.

"शेवटचा मुक्काम कसा काढता तुम्ही?"

"शेवटचे पाच ठिपके घेतो, सरासरी काढतो. सोपं आहे."

वहिनींनी त्या पाच ठिपक्यांचे आकडे एकामागून एक पडद्यावर छापायला लावले. पहिले चार ठिपके तळ्याच्या बाजूचेच निघाले. पाचवा आला शून्य, शून्य.

"हा ठिपका कुठला?" सरांनी विचारलं.

"तुमच्या पक्ष्याचा नाहीच हा. तुम्ही मोजायला एक घर पुढून सुरुवात केलीत, सर. चार ठिपके तुमच्या यादीतले, आणि पाचवा यादी संपल्यानंतरच्या रिकाम्या जागेतला. रेड्यानं ती जागा पुसून स्वच्छ ठेवलीय, म्हणून तिथे शून्य मिळालं."

सरांचा चेहरा पडला, पण लगेच त्यांनी मान वर केली. "मग माझ्या मशीनवर बरोबर उत्तर कसं येतं?"

हा प्रश्न त्यांनी जिंकल्याच्या सुरात विचारला. पण विचारून होईपर्यंत त्यांचाच आवाज बसला. वहिनींनी शेजारच्या लॅपटॉपवर, अगदी सरांकडे होता तसल्या जातीच्या, तीच चाचणी लावली. चार ठिपके आले. पाचवाही आला, आणि तो शून्य नव्हता.

"हा कुणाचा?"

वहिनींनी वर सरकवून बघितलं. "याच्या आधी ज्या करकोच्याचा हिशेब केला त्याचा, वाटेतला. आधीच्या पाहुण्याचं ताट न उचलता त्यावरच दुसऱ्याला वाढावं, तसं झालंय. तो पाहुणा जवळपासचाच होता म्हणून कुणाला वास आला नाही."

"पण चाचणी पास होत होती!"

"चाचणीतलं बरोबर उत्तर तुम्ही कुठून घेतलं होतंत?"

सर पुटपुटले. रेड्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. वहिनींनी कानाला हात लावला.

"प्रोग्राममधूनच!" सर ओरडले. "एकदा चालवला आणि जे आलं ते लिहून ठेवलं!"

वहिनींना खरं तर आता बरंच काही बोलता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण त्या चाचणीला बाकी सगळीकडे इतकी वर्षं रोज हिरवी खूण मिळत होती आणि त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शिवाय आठवडाभराची उलटापालट अजून त्यांच्या लॅपटॉपवर तशीच पडली होती आणि सरांना ती दिसत होती. त्यांनी रेड्याचा एक पंखा कमी केला, म्हणजे निदान ओरडावं लागू नये.

प्रोग्राममधला एक आकडा बदलायचा होता, एवढंच. बदलून वहिनींनी पुन्हा चाचणी लावली. रेड्यावर आणि लॅपटॉपवर एकच उत्तर आलं. करकोचा समुद्रातून वर आला, पण तळ्यावर मात्र उतरला नाही. तळ्याच्या बऱ्याच अलीकडे, शहराला लागून एका चौकोनी जागी उतरला. सरांनी नकाशावर नाक टेकवलं.

"इथे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"शहराचा कचरा टाकतात ती जागा," सर म्हणाले आणि पाटावर मटकन बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर वसंतात सर आपले विद्यार्थी घेऊन त्या तळ्याकाठी तंबू ठोकत. करकोचे येत नसत. एखादा साधा माणूस म्हणाला असता, ठिकाण चुकलं. पण सर अभ्यासू. त्यांनी करकोच्यांनी तळ्याकडे पाठ का फिरवली यावर एक जाडजूड निबंध लिहिला आणि दोष ठेवला तळ्यातल्या मोटारबोटींच्या आवाजावर. निबंध गाजला. नगरपालिकेनं मोटारबोटी बंद केल्या. बोटवाले तेव्हापासून वल्ही मारून पर्यटक फिरवत होते आणि सरांचं नाव निघालं की पाण्यात थुंकत होते.

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या. त्यांना हसू दाबताना खोकला आला.

दारात उभ्या राहून सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना प्रोग्रामातलं काही कळलं नव्हतं, पण बोटवाल्यांचं मात्र स्वच्छ कळलं होतं. "मग आता जाऊन सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "चुकलं म्हणावं. खाणार आहेत का तुम्हाला?"

"खातील," सर म्हणाले. "पण सांगायला हवं."

पुढच्या बैठकीत वहिनींनी सगळं मांडलं. रेड्यामुळे सापडलेला खड्डा सगळ्याच जातींच्या प्रोसेसरवर होता, फक्त बाकीच्यांनी तो गुळगुळीत झाकून ठेवला होता. छाटणीवाल्यांचं चावणं थांबलं. हे संस्थेच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले, "रेडा राहू दे. आणि मॅडम, आता राहतोच आहे तर भूकंपवाल्यांचे ते सगळे प्रोग्रामही त्याच्यावर तपासून घ्या." वहिनींनी कपाळावर हात मारला, पण कॅमेरा बंद होता. त्या भूकंपवाल्यांच्या पहिल्याच बांधणीत तक्त्याची अख्खी ओळ लाल झाली, आणि त्यात उलट्या क्रमाचे घोळ इतके निघाले की वहिनींचं मन भरलं.

सरांनी निबंधाला दुरुस्ती छापली. बोटवाल्यांकडेही गेले. बोटवाल्यांनी त्यांना खाल्लं नाही. वल्ही हातात दिली, पर्यटकांनी भरलेली बोट दिली, आणि संध्याकाळपर्यंत तळ्यात फिरवायला लावलं. आठवडाभर सरांना कपही उचलता येत नव्हता. मोटारबोटी पुन्हा सुरू झाल्या, अर्थात आधी भरपूर कागद इकडून तिकडे गेल्यावर.

आणि वसंतात एका रविवारी सरांनी फोन केला. आवाज इतका मोठा की चष्मेवाल्यांनाही पलीकडच्या खोलीत ऐकू आला. "आलेत! सगळे आलेत! तुम्ही या, आत्ताच्या आत्ता!"

म्हणून वहिनी, चष्मेवाले आणि सासूबाई अशी तिघं कचऱ्याच्या डोंगरापाशी गेली. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, कारण त्यांना कुठे जायचंय ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. वास असा की डोळ्यांतून पाणी. त्यांनी नाकाला पदर लावला आणि "हे बघायला आणलंत मला?" असं म्हणत गाडीकडे वळल्या. तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून करकोचे वर आले, पांढरेशुभ्र, पंखांना काळी किनार, पाय मागे लांब सोडून, जराही घाई न करता. मग ते कचऱ्यावर उतरले आणि एकाहून एक गलिच्छ गोष्टी चोचीत धरून मान वर करून गिळायला लागले.

"काय रंग, काय ऐट," सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "आणि खाणं बघा मेल्यांचं!" पण त्या हलल्या नाहीत. चष्मेवाल्यांनी गाडीत चला म्हटलं तर त्यांनी त्यांचा हात झटकला.

सरांनी वहिनींच्या हातात दुर्बीण दिली. वहिनींनी पहिल्यांदाच एक करकोचा जवळून पाहिला. त्याच्या लाल पायाला काळं, नखाएवढं यंत्र बांधलेलं होतं. आजवर त्यांच्या हाताखालून गेलेला पक्षी म्हणजे पडद्यावरचे दोन आकडे. हा मात्र पाय खाजवत होता.

"सर, तुमचे डोळे भरलेत," चष्मेवाले म्हणाले.

"वासानं," सर म्हणाले आणि मोजायला लागले. बोट पुढे करून ते मोठ्यानं आकडे घेत होते. इतक्यात कचऱ्याचा ट्रक भोंगा वाजवत आला, सगळा थवा एकदम वर उठला, फिरला, आणि निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे बसले.

"किती झाले होते?" सरांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

वहिनींनी एक आकडा सांगितला, चष्मेवाल्यांनी दुसरा. सासूबाईंनी तिसराच सांगितला आणि तोच बरोबर आहे म्हणून अडून बसल्या. सरांनी चौघांना दिशा वाटून दिल्या, ट्रकवाल्याला हात जोडून जरा थांबायला सांगितलं, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.